‘या वयात’ राहू द्या, आधी पातं बघा

मी लाकूडकाम करते, लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) वाट्या-दांडे कातते, हे कळलं की समोरच्याचा आवाज एकदम मऊ होतो. “वा, या वयात! छान आहे, वेळ जातो ना?” कौतुकच असतं ते, राग धरण्यासारखं काही नाही. तरी मला खटकतं. वेळ घालवायला केलेल्या डब्याचं झाकण डुगडुगलं तरी चालतं. मला ते चालत नाही. साठीनंतर शिकायला घेतलेलं काम चांगलं व्हावं ही अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे? “हौस म्हणून ठीक आहे” ही सूट मी मागितलेली नाही, मग देता कशाला?

माझं म्हणणं एवढंच आहे: उतारवयात लाकूडकाम चांगलं जमू शकतं, आणि जुनी हातहत्यारं त्यासाठी फार उपयोगी आहेत. ती जुनी म्हणून पूज्य आहेत असं मुळीच नाही. त्यांना ताकदीपेक्षा समज जास्त लागते, आणि आपल्याकडे आता ताकद उतरणीला लागली असली तरी समज वाढवता येते. पण हे सगळं धारेवर अवलंबून आहे. बोथट रंधा ढकलायला पैलवान लागतो. तोच रंधा नीट धार लावल्यावर दोन बोटांच्या जोरावर पातळ, सलग ढलपी काढतो. “आता हातात जोर राहिला नाही” म्हणून हे काम सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या पटाश्या हातात घेतल्या की कळतं, जोर कमी पडायचं कारण पात्यावरच आहे.

म्हणून नवीन माणसाला मी आधी धार लावायलाच बसवते. कंटाळवाणं वाटतं, पण दुसरा रस्ता नाही. पटाशीचा उतार साधारण २५ अंशांचा, आणि अगदी टोकाशी ३० अंशांचा एक बारीकसा दुसरा उतार. दरवेळी फक्त तो छोटा उतार दगडावर घासायचा, म्हणजे मिनिटाभरात काम होतं. पाठ मात्र सपाट आणि आरशासारखी हवी, कारण धार म्हणजे दोन पृष्ठभागांची भेट. एक खडबडीत असेल तर दुसऱ्याला कितीही घासा, उपयोग नाही. पाठीकडे बोटाला खरखर लागली की समजायचं, उतार टोकापर्यंत पोचला. ती खरखर काढून टाकली की झालं. एकदा हाताला हे कळलं की धार लावायचं ओझं वाटत नाही, आणि ओझं वाटत नाही म्हणून आपण वेळेवर धार लावतो.

जुन्या हत्यारांबद्दल बोलायचं तर आधी त्यांच्या भक्तांशी थोडं भांडते. “तेव्हाचं पोलाद आता मिळत नाही” हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय! खरं सांगायचं तर जुन्या पात्यांत फार फरक असतो. काही अप्रतिम, काही निव्वळ मऊ. आजचं चांगलं पोलाद त्या मानाने जास्त भरवशाचं आहे. शंभर वर्षं टिकलं म्हणजे चांगलंच असणार, हाही भ्रमच. एखादं हत्यार नव्यासारखं कोरं टिकलं असेल, तर ते कोणाला वापरावंसंच वाटलं नसेल ही शक्यता धरा. मला घासून घासून आखूड झालेलं पातं दिसलं की जास्त आनंद होतो. कोणीतरी ते आयुष्यभर पुन्हा पुन्हा धार लावून वापरलेलं असतं.

मग जुनं घ्यायचं तरी का? कारणं अगदी व्यवहारी आहेत. पहिलं, ते दुरुस्त होतं. लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराने रंध्याची जी घडण बसवली, तिचे हक्क १८६९ मध्ये हत्यारं बनवणाऱ्या स्टॅन्ली कंपनीने घेतले, आणि धातूचे बहुतेक रंधे आजही त्याच घडणीचे असतात. पातं पुढेमागे करायचा पितळी स्क्रू, पातं वरून दाबून धरणारी टोपी, सगळं तेच. त्यामुळे चार नंबरच्या (हा रंध्याच्या मापाचा नंबर) जुन्या रंध्यात आज बनलेलं दोन इंची पातं सहसा बसतं. सांगाडा जुना, पातं नवं, यात कमीपणा कसला? दुसरं, कितीतरी जुन्या पात्यांत मऊ लोखंडावर कडक पोलादाचा पातळ थर जोडलेला असतो. दगडावर घासायचा कडक भाग कमी, म्हणून धार लवकर लागते. आणि तिसरं, करवत. आजच्या बऱ्याच करवतींचे दात विजेने तापवून इतके कडक केलेले असतात की त्यांच्यावर कानस नुसती घसरते. दातांची टोकं काळपट निळी दिसली की ओळखायचं. बोथट झाली की फेकायची. जुन्या करवतीला तिकोनी कानस लागते, दात पुन्हा पुन्हा घासता येतात, लाकडाच्या रेषेत चिरायला वेगळे, आडवं कापायला वेगळे. एक जुनी करवत माणसाला पुरून उरते.

घेताना गंजाला घाबरू नका, खड्ड्यांना घाबरा. वरवरचा गंज व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून ब्रशने निघतो. नंतर सोड्याच्या पाण्याने धुवायचं, लगेच कोरडं करायचं, तेलाचा हात फिरवायचा. विजेने गंज काढायची पद्धतही छान आहे. धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जर, ऋण टोकाला हत्यार, धन टोकाला साध्या लोखंडाचा तुकडा. तिथे स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावरच करायचं. पण पात्याच्या पाठीवर, धारेजवळ, गंजाने खोल टिपके पाडले असतील किंवा रंध्याच्या तोंडाशी ओतीव लोखंडाला तडा असेल, तर हात जोडून पुढे जावं. आणि जुन्या यंत्रांवरचा रंग शिशाचा असू शकतो, तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नका.

एक धोका मात्र गंजापेक्षा मोठा आहे: गंज काढणं हाच छंद होऊन बसतो. भिंतीवर चकाकणाऱ्या रंध्यांची रांग, आणि अख्ख्या वर्षात एक साधा डबा नाही. जमवायची आवड असेल तर खुशाल जमवा, पण त्याला लाकूडकाम म्हणू नका. (माझ्याकडे किती रंधे आहेत ते कृपया विचारू नये.)

हे सगळं झालं हातहत्यारांबद्दल. लेथ लागली की माझं मत बदलतं, आणि जुन्याच्या प्रेमात पडलेल्या मंडळींशी माझं खरं भांडण इथेच आहे. रंध्याला जोर आपला असतो; आपण थांबलो की तो थांबतो. लेथला जोर मोटरचा असतो. ३०० मिलिमीटर व्यासाची वाटी मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर तिचा काठ ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास वेगाने आपल्या तोंडासमोरून जात असतो. त्यात एक लपलेली चीर असली की पुढचं सांगायला नको. आपल्या प्रतिक्रिया आता पंचविशीतल्या राहिलेल्या नाहीत. म्हणून इथे आठवणींना जागा नाही, नियमांना आहे. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल. हातमोजे नाहीत, लांब बाह्या नाहीत, गळ्यात काही नाही, केस बांधलेले. चालू करण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवून बघायचं, कुठे टेकतंय का ते. बटण दाबताना फिरणाऱ्या लाकडाच्या रेषेतून बाजूला उभं राहायचं.

वेगाचा एक जुना हिशेब कातकाम करणाऱ्यांत चालतो: व्यास इंचांत गुणिले फेऱ्या, हा गुणाकार ६००० ते ९००० च्या मधे ठेवायचा. म्हणजे दहा इंचाच्या वाटीला ६०० ते ९००. ओबडधोबड, एका बाजूला जड असलेल्या ठोकळ्याला त्याहूनही कमी. आता जुन्या लेथचा पट्टा सगळ्यात हळू पुलीवर टाकूनही ती ७०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर बारा इंची ओबड ठोकळा तिच्यावर चढवायचाच नाही. मोटर बदलून वेग कमीजास्त करायची सोय होते, ती करून घ्या. बंद करायचं मोठं लाल बटण हाताशी बसवून घ्या. हे केल्याने लेथचा जुनेपणा बाटत नाही.

पण जुनी लेथ टाकाऊ असते असं मात्र नाही. तिच्या दोन्ही टोकांना आत जो निमुळता शंकूसारखा सांधा असतो, मोर्स टेपर, तो एकोणिसाव्या शतकातला आहे आणि आजही तसाच चालतो. दोन नंबरचा टेपर असेल तर आज घेतलेलं फिरतं सेंटर, म्हणजे लाकडाला टोकाशी आधार देणारी फिरती अणी, तिच्यात सरळ जाऊन बसतं. अडचण येते ती फिरणाऱ्या दांड्याच्या बाहेरच्या आट्यांची. एक इंचाला आठ आटे, किंवा ३३ मिलिमीटर, असली आजची मापं तिला असतीलच असं नाही. चक (लाकूड पकडणारा जबडा) घेण्याआधी हे मोजून घ्यावं लागतं.

लेथच्या हत्यारांबाबत मी सरळ नव्याच्या बाजूची आहे. जुन्या साध्या पोलादाच्या गोल पटाश्या ग्राइंडरवर जरा जास्त टेकल्या की टोक निळं पडतं. ३०० अंशांच्या जवळ गेलं की पोलादाचा कडकपणा उतरतो, आणि तो निळा भाग घासून काढण्यावाचून उपाय नसतो. हाय स्पीड स्टीलला असली उष्णता काहीच करत नाही. टेलर आणि व्हाइट या अमेरिकन जोडीने १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते लोकांपुढे आणलं, धातू कापणारी हत्यारं तापून लाल झाली तरी कापत राहतात हे बघून लोक थक्क झाले होते. म्हणजे ही ‘नवी’ गोष्टसुद्धा सव्वाशे वर्षांची आहे. आणि एक विनंती: जुनी कानस घासून तिचं लेथवरचं हत्यार बनवू नका. कानस काचेसारखी कडक असते. लाकडाने झटका दिला की ती वाकत नाही, तुटते, आणि तुकडा कुठे जाईल ते कोणाच्याच हातात नसतं.

शरीराचं काय, हे विचारणारे जास्त असतात, म्हणून थोडं त्यावर. डोळ्यांसाठी चष्म्याइतकाच उजेड महत्त्वाचा. दिवा डोक्यावर टांगण्यापेक्षा बाजूने, खालच्या कोनातून टाकला की पृष्ठभागावरचा प्रत्येक चढउतार सावलीने दिसतो. बाकड्याची उंची कामाप्रमाणे बदलते: रंधा मारायला कमी, म्हणजे अंगाचं वजन वापरता येतं, बारीक खाचा करायला जास्त, म्हणजे कंबर वाकत नाही. लेथचा मध्य कोपराच्या उंचीला हवा. हात थोडा कापत असेल तरी लेथवर तो आड येईलच असं नाही, कारण हत्यार टेकणीवर टेकलेलं असतं, मूठ कमरेला चिकटलेली असते आणि वळण पायांतून, कंबरेतून येतं. मनगटाने कातणारा लवकर दमतो, वय काहीही असो. बोटांचे सांधे दुखत असतील तर मुठी जाड करा. मूठ कातणं हा लेथवरचा सगळ्यात चांगला पहिला धडा आहे, आणि आपल्या हाताच्या मापाची मूठ कुठल्याच दुकानात मिळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जखमेवर दाबून धरायला स्वच्छ पट्टी बाकड्याजवळच ठेवा आणि एकटं असताना लेथ लावू नका. यात लाजायचं काय?

धुळीबद्दल मात्र कोणी विचारत नाही. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. रंधा ढलप्या काढतो, धूळ फार थोडी. पॉलिश पेपर मात्र श्वासात जाईल इतकी बारीक धूळ करतो, आणि लेथवर तो लावला की ती थेट नाकाशी येते. चांगला मास्क लावाच. धार नीट असेल तर पॉलिश पेपर कमी लागतो, म्हणजे फिरून गाडी धारेवरच येते. आणि अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवायची, मग टाकायची.

ओल्या लाकडाची मजा राहिलीच. नुकत्याच कापलेल्या झाडाचं लाकूड कातायला लोण्यासारखं लागतं, धूळ नाही, हत्यारावर ताण नाही. ओल ३० टक्क्यांच्या खाली उतरायला लागली की लाकूड आक्रसतं, आणि वाढीच्या कड्यांच्या दिशेने ते कड्यांना आडव्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आक्रसतं. म्हणून गोल कातलेली वाटी वाळून लंबगोल होते. काही जण जाड कातून, महिनोन्‌महिने वाळवून, पुन्हा गोल करतात. मी पातळ कातते आणि तिला हवं तसं वाकू देते. “गोल नाही आली का?” असं विचारणाऱ्याला मी आता उत्तर देत नाही, वाटी हातात देते.

शेवटी एक काम सांगते, ते याच आठवड्यात करा. एका कार्डावर लिहून ठेवा: लेथच्या आट्यांचं माप, टेपरचा नंबर, कोणती पटाशी साध्या पोलादाची आणि कोणती हाय स्पीडची, कोणती करवत चिरायची आणि कोणती आडवं कापायची. कार्ड हत्यारांच्या खणात ठेवा. हत्यारं आपल्यानंतर कोणाकडे तरी जाणार आहेत, आणि बहुतेक वेळा ज्याच्याकडे जातात त्याला त्यातलं काही ठाऊक नसतं. मग तो ती भंगारात घालतो किंवा साधी पटाशी ग्राइंडरवर धरून निळी करतो. माझं कार्ड तयार आहे. फक्त रंध्यांची यादी अजून अर्धी आहे.