'ताराच तर बदलायच्या' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गिटारच्या प्रकारांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात असे: आठवीतल्या मुलीला गिटार घ्यायची आहे आणि लेख वाचून गोंधळ उलट वाढला. अकूस्टिक, इलेक्ट्रिक आणि बेस एवढे तीन प्रकार पुरे होते. नायलॉनच्या तारांची क्लासिकल वेगळी सांगायचं कारण नव्हतं, 'ताराच तर बदलायच्या, कधीही बदलता येतात'. आणि हवाईयन गिटार हे जुन्या जमान्याचं वाद्य, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं. त्याला गिटार म्हणणंच चूक.

आधी तारांचं बोलू, कारण त्यात मुलीच्या गिटारचं नुकसान होऊ शकतं.

स्टीलच्या तारांचा नेहमीचा लाइट गेजचा (म्हणजे बारीक तारांचा) सेट सुरात लावला की सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या आसपास भरतो. एक मोठा माणूस रात्रंदिवस ब्रिजला, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीला, लटकून आहे असं समजा. नायलॉनच्या तारांचा ताण 40 किलोच्या आसपास. क्लासिकल गिटार बांधतात ती या दुसऱ्या भाराच्या हिशोबाने. तिचा टॉप (पुढची, तारांखालची फळी) पातळ असतो, त्याला आतून बारीक पट्ट्या पसरून चिकटवलेल्या असतात, तारा ब्रिजलाच गाठ मारून बांधतात आणि तो ब्रिज टॉपवर नुसत्या गोंदाच्या जोरावर उभा असतो. मानेत बहुधा लोखंडी सळईही नसते.

अशा गिटारवर स्टीलच्या तारा चढवल्या तर पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही. आवाज मोठा येतो, घरचे खूश होतात. मग हळूहळू ब्रिजच्या मागचा टॉप फुगायला लागतो. तारा पडद्यांपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) वर उचलल्या जातात, कॉर्ड दाबताना बोटं दुखतात, आणि मुलांना वाटतं आपल्याला जमत नाही. दुरुस्तीला आलेली अशी एक गिटार मी हातात घेऊन पाहिली आहे. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा वहीचा कागद सरकवला तर तो बोटभर आत गेला. वरून सगळं धडधाकट दिसत होतं. तुमच्या घरी एखादी जुनी गिटार असेल तर आजच कागदाने तपासून बघा, आणि कागद आत गेला तर तारा लगेच सैल करा.

म्हणूनच 'नायलॉन की स्टील' हा प्रश्न मी लेखात सगळ्यात आधी घेतला. हे तारांचे दोन प्रकार नाहीत, त्या दोन वेगळ्या गिटारी आहेत आणि त्यांची घराणीही वेगळी. आज आपण क्लासिकल म्हणतो त्या गिटारचा आकार आणि आतली बांधणी 19 व्या शतकात स्पेनमध्ये अल्मेरियाच्या अंतोनियो दे तोरेस याने पक्की केली. आवाज टॉपमधून येतो हे दाखवायला त्याने 1862 मध्ये एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या होत्या! त्याच्या काळी तारा आतड्याच्या असत. नायलॉन आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. दुसरं घराणं अमेरिकेतलं. जर्मनीहून 1833 मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या सी. एफ. मार्टिनच्या कारखान्यात टॉपखाली इंग्रजी एक्सच्या आकारात पट्ट्या बसवायला लागले. तेव्हा त्या गिटारींवरही आतड्याच्याच तारा होत्या, पण पुढे स्टीलच्या तारांचा भार पेलायला हीच बांधणी कामी आली.

(तोरेसची ती गिटार दुकानात जाताना आठवा. 'पाठ आणि बाजू शिसवीच्या' हे विक्रेता रंगवून सांगेल. तुम्ही विचारा की टॉप अखंड लाकडाचा आहे की प्लायचा. आवाजाला फरक पडतो तो तिथे.)

इलेक्ट्रिक आणि बेसबद्दल आपलं भांडण नाही. एकच सांगतो: आपल्याकडे दुकानात 'सेमी-अकूस्टिक' म्हणून जी दाखवतात ती बहुतेक वेळा साधी अकूस्टिकच असते, आत पिकअप (तारांचा आवाज विजेच्या संकेतात बदलणारा भाग) आणि बाजूला वायर जोडायचा जॅक बसवलेला. शिकणाऱ्या मुलीला त्याचे जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही.

आता हवाईयन. इथे मी ठामपणे तुमच्या विरुद्ध आहे.

इलेक्ट्रिक गिटार तुम्ही बिनतक्रार मान्य केलीत. पण बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार कोणती? 1932 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रिकनबॅकरने विकायला काढलेली, ॲल्युमिनियमची, तव्यासारख्या रूपामुळे 'फ्राइंग पॅन' म्हणून ओळखली गेलेली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. त्या काळी अमेरिकेत हवाईयन संगीताचं वेड होतं, आणि बँडच्या गलक्यात आडव्या गिटारचा आवाज ऐकू जावा म्हणून पिकअपची खटपट झाली. लिओ फेंडरसुद्धा टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या त्याच्या प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटारींच्या आधी अशाच आडव्या गिटारी बनवत होता. हवाईयन वगळायची तर तुमच्या तीन प्रकारांपैकी दुसऱ्याचा उगमच गळतो.

आणि आपल्या देशात तर तिला वगळणं मला अन्यायाचंच वाटतं. हवाईयन गिटारच्या तारा पडद्यांपासून उंच उचललेल्या असतात. पडदे नुसते खुणेपुरते. स्टीलचा बार तारेवर टेकवून सरकवायचा. बार सरकतो तसा सूर मधे कुठेही न तुटता वरखाली जातो. म्हणजे मींड! उभ्या गिटारवर तार ओढून थोडीफार मींड निघते, इथे ती सप्तकभर निघते. विचित्र वीणा आणि दक्षिणेतलं गोट्टुवाद्यम याच तत्त्वावर वाजतात, त्यामुळे हे वाद्य आपल्या कानाला परकं वाटलं नाही. हजारा सिंग यांनी हिंदी सिनेगीतांच्या धुना त्यावर वाजवल्या आणि त्यांच्या तबकड्या घरोघरी गेल्या. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा यांनी अली अकबर खाँ यांच्याकडे तालीम घेऊन त्याच गिटारवर आलाप-जोड मांडला. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी चिकारी (साथीला छेडायच्या) आणि तरफेच्या (आपोआप घुमणाऱ्या) तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि 1994 मध्ये अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबर ग्रॅमी मिळवलं. काब्रांचं वादन एकदा शांतपणे ऐका आणि मग 'जुन्या जमान्याचं वाद्य' या शब्दांवर ठाम राहता का, ते मला कळवा. मी मनापासून वाट बघतो आहे.

मांडीवर आडवी ठेवली म्हणून ती गिटार नाही, हा निकष लावायचा तर गोव्यात फाडो या पोर्तुगीज गाण्यांबरोबर वाजते ती पोर्तुगीज गिटार उभी धरतात, नावातही गिटार आहे, पण ती निघाली सिटर्न नावाच्या वेगळ्याच वाद्यापासून. बारा तारा, जोडीजोडीने लावलेल्या. तेव्हा वाद्य कसं धरतात यापेक्षा ते कशातून घडलं आणि तार कशी बोलते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न. तिला काय वाजवायचंय ते तिलाच विचारा. सिनेमातली गाणी म्हणत स्ट्रमिंग करायचं असेल तर स्टीलची अकूस्टिक, पण अंगाने लहान. ड्रेडनॉट नावाची मोठ्या अंगाची अकूस्टिक आठवीतल्या मुलीच्या काखेत बसत नाही. एकेका बोटाने सुटे सूर काढायला आवडत असतील किंवा बोटं फारच दुखत असतील तर नायलॉन. फक्त नायलॉनच्या गिटारची मान रुंद असते, नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) साधारण 52 मिलिमीटर, स्टीलची 43च्या आसपास. लहान हाताला हा फरक चांगलाच जाणवतो, म्हणून तिला बरोबर न्या आणि दोन्ही हातात देऊन बघा.

दुकानात आधी गिटार ट्यूनरवर सुरात लावून घ्या. मग बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची बघा: स्टीलच्या गिटारला दोन ते तीन मिलिमीटर ठीक, नायलॉनला तीन-चार चालते. तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा आणि त्याच जागी बोट न दाबता नुसतं टेकवून तार छेडा, म्हणजे हार्मोनिक नावाचा घंटेसारखा सूर निघेल. दोन्ही सूर एकच यायला हवेत. सहाही तारांवर हे करा, आणि दुकानदार घाई करायला लागला तर दुसरं दुकान बघा.