फोटोत अकरा, घाटात बारा

आज सकाळी विद्यापीठाच्या रनिंग ग्रुपवर फोटो पडला. यवतेश्वर घाटाचा माथा, अकरा जण, सगळ्यांच्या मुठी वर, खाली 'टीमवर्क!!' गेले होते बारा. परीक्षा विभागातले काका फोटोत नाहीत. फोटो निघत होता तेव्हा ते खाली घाटातल्या एका वळणावर पोटरी धरून कठड्यावर बसले होते आणि पाण्याची गाडी वर, कॅमेऱ्यापाशी उभी होती. शेवटी एका दूधवाल्याने किटल्या सरकवून त्यांना मागे बसवलं आणि साताऱ्यात आणून सोडलं. ग्रुपवर याबद्दल अवाक्षर नाही. ग्रुपवर बोललं की 'मॅडम, पर्सनली घेऊ नका' येतं, म्हणून इथे लिहितेय.

सातारा हिल हाफला, म्हणजे याच घाटातल्या २१.१ किमीच्या शर्यतीला, विद्यापीठ म्हणून जायचं ठरलं, त्याचाच हा सराव. लोगोचे टी-शर्ट आले, वर्गणी प्राध्यापक, शिक्षकेतर, सीएचबी (तासावर पैसे मिळणारे शिक्षक) सगळ्यांना सारखीच लावली. मग पळायचं मात्र दोघा वेगवानांच्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे, हा कुठला न्याय?

साधा हिशोब बघा. किलोमीटरला ६ मिनिटांनी पळणारा २१.१ किमी साधारण २ तास ७ मिनिटांत संपवतो. साडेआठ मिनिटांनी पळणारा २ तास ५९ मिनिटांत. म्हणजे ५० मिनिटांहून जास्त फरक. हे दोघे खांद्याला खांदा लावून निघाले की दोनच गोष्टी होतात. पुढचा कंटाळतो किंवा मागचा फुटतो. मागचा बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार किलोमीटरमध्येच फुटलेला असतो, ते कळतं फक्त चढावर. काकांचं तेच झालं. ते ट्रॅकवर आरामात साडेआठने पळतात, गप्पा मारत. त्या दिवशी शहरातून सातने ओढले गेले, का तर मागे राहायची लाज. घाट सुरू होईपर्यंत पायातला दम अर्धा संपलेला. दमलेल्या स्नायूवर नेहमीपेक्षा जास्त जोर आला की गोळा येतो. मीठ कमी पडलं हे प्रत्येक वेळी खरं नसतं. अशा वेळी थांबायचं, गुडघा सरळ करायचा, चवडा हाताने आपल्याकडे ओढून धरायचा आणि गोळा सुटेपर्यंत सोडायचा नाही. एवढं करायला शेजारी एक माणूस लागतो, तो नव्हता.

घाटात पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं, बघायचाच नसतो हो! श्वास बघायचा. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर. दोन शब्दांवर धाप लागली की चालायचं. चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला, हे पहिल्या किलोमीटरपासून, दमल्यावर नव्हे. दमल्यावर घेतलेली चाल ही विश्रांती नसते, ती शरणागती असते. चढावर झपाझप चालणारा माणूस धापा टाकत पळणाऱ्याच्या फार मागे राहत नाही, वर उतारासाठी मांड्या शिल्लक ठेवतो. साताऱ्याचा परतीचा निम्मा रस्ता उतार आहे आणि खरी मोडतोड तिथेच होते. प्रत्येक पावलाला मांडी ब्रेक लावत असते, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. बोटं बुटात पुढे आपटून नखं काळी पडतात. दोन दिवस आधी नखं कापा, बुटाच्या अगदी वरच्या जास्तीच्या भोकातून नाडी ओवून टाच घट्ट बांधा आणि सुती मोजे घरी ठेवा. घामाने सुती मोजा भिजला की फोड आलाच. आणि ते लोगोचे सुती टी-शर्ट कोणी मागवले? ते घालायचेच असतील तर काखेत, मांडीला आणि पुरुषांनी छातीलाही व्हॅसलीन लावा, नाहीतर फोटोत टी-शर्टवर रक्ताचे दोन डाग दिसतील.

हां, वेगवान लोकांनी वर्षभर घाम गाळलाय, त्यांना मागे बांधून ठेवणंही बरोबर नाही. मान्य. पण त्यावर उपाय आहे आणि तो घड्याळवाल्यांनाही ठाऊक असायला हवा. लाँग रन, म्हणजे आठवड्याचा लांब पल्ल्याचा सराव, अंतर ठरवून करू नका, वेळ ठरवून करा. सगळे एकत्र निघा, ४५ मिनिटं आपापल्या वेगाने जा, वेळ झाली की जो जिथे असेल तिथून वळा. वेगवान माणूस लांब गेलेला असतो, हळू माणूस जवळ, आणि दीड तासाला सगळे एका गेटवर मागेपुढे पोचतात. चहा एकत्र होतो, कुणाला वाट बघावी लागत नाही. घाटात जायचंच तर दोन तुकड्या करा. प्रत्येक तुकडीच्या शेवटी एक अनुभवी माणूस, त्याने शेवटच्याच्या पुढे एक पाऊल टाकायचं नाही. आणि गाडी शेवटच्या माणसामागे. पुढच्या माणसाला पाणी लागलं तर त्याने थांबून वाट बघावी, त्याच्यात तेवढा दम असतो.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही धावण्याची शर्यत १९२१ पासून चालू आहे. डर्बन ते पीटरमॅरिट्झबर्ग, सहसा एक वर्ष चढाची, एक वर्ष उताराची दिशा, अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास, वेळ १२ तास. आपल्याकडचेही बरेच जण जातात. तिथे माणसांच्या 'बस' असतात. एक अनुभवी धावक 'ड्रायव्हर' होतो, किती वेळात पोचवणार ते आधी सांगतो आणि अनोळखी लोकांचा घोळका सोबत घेतो. कुठल्या चढाला चालायचं, कुठे पळायचं हे तो ओरडून सांगतो, सगळे ऐकतात, गातात. अनोळखी माणसं हे करतात. आपण एका कॅन्टीनचा चहा पिणारी माणसं.

काकांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, जाऊ द्या, माझीच तयारी कमी पडली." ऐकून राग थोडा उतरला आणि वाईट जास्त वाटलं. तयारी कमी नव्हती. निकालाच्या दिवसांत हा माणूस रात्री नऊला घरी जातो. त्या आठवड्यात झोप नाही, तर रविवारचं अंतर वाढवायचं नाही, उलट कमी करायचं. एरवीसुद्धा आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये आणि दर चौथ्या आठवड्याला उतरवावं. आमच्या सरावाच्या तक्त्यात कॅप सेंटरची, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणी केंद्राची, ड्युटी धरलेली नाही, कारण तक्ता ज्यांनी केला त्यांना ती नसते. सीएचबीवाल्यांची तर बातच सोडा, तास बुडाला की पैसे बुडतात.

पाण्याचंही सांगते. दर वीस मिनिटांनी दीडशे-दोनशे मिली, तहानेप्रमाणे कमीजास्त. तासाच्या पुढे नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं जड होतं, मळमळतं आणि माणूस अजून पाणी पितो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरला, छोटं ४.२ ग्रॅमचं २०० मिलीला. अर्ध्या बाटलीत मोठं पाकीट ओतू नका, पोट बिघडेल. सोबत केळं किंवा दोन-चार खजूर.

येत्या रविवारी सव्वापाचला मुख्य गेट. उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळायचं; कडेला शेवाळ आहे, पांढऱ्या पट्ट्याच्या आतच राहा. एका तुकडीच्या शेवटी मी आहे, दुसरीसाठी एक जण हवा, नाव खाली लिहा. ओआरएस मी आणते, बाटल्या आपापल्या. घड्याळवाल्यांनीही जरूर यावं. गाडीची किल्ली माझ्याकडे राहील.