मामाचा लिमिटेड एडिशन गणपती

डोंबिवलीच्या मामाने निळ्या मखमलीची डबी माझ्यासमोर उघडून ठेवली आणि दटावलं, "बोट लावू नकोस, डाग पडतो." आत प्लास्टिकच्या गोल कॅप्सूलमध्ये एक चकचकीत नाणं होतं. त्यावर लाल-पिवळा रंगवलेला गणपती, आणि मुकुटात मोहरीएवढा काचेचा खडा. उलट्या बाजूला इंग्लंडची राणी एलिझाबेथ आणि खाली '१ डॉलर'. डबीच्या झाकणात घडी घातलेलं प्रमाणपत्र होतं, ५,००० पैकी ३,४१७ वा नग. किंमत ९,५०० रुपये.

मामाने छत्तीस वर्षं पोस्टात काढली. शेकडो लोकांना त्याने हाताला धरून आवर्ती ठेवी उघडून दिल्या. समोरचा 'दामदुप्पट' म्हणाला, की "किती वर्षांत?" हा याचा पहिला प्रश्न असायचा. तोच माणूस आता वर मला सांगतो, "अगं, ही एफडीच समज. फक्त दिसायला सुंदर."

या सगळ्याचं मूळ म्हणजे त्याच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवरचा एक मेसेज. आता तो माझ्याकडेही तीन ठिकाणांहून येऊन पोचला आहे. इमोजी गाळले तर मजकूर एवढाच:

"बँकेत पैसे कुजवू नका! एक, परदेशी सरकारचं नाणं हे कायदेशीर चलन आहे, त्यामुळे पैसा बुडूच शकत नाही. दोन, फक्त ५,००० नग, म्हणून पाच वर्षांत दहापट भाव. तीन, रंगीत, सुगंधी, खडे जडवलेली नाणी जगभरचे संग्राहक शोधत फिरत आहेत. चार, वैष्णोदेवीचं साधं दहा रुपयांचं नाणं दहा लाखांना जातं, मग चांदीच्या नाण्याचं काय? पाच, व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने."

पाचव्यापासून सुरू करते, कारण तिथे घाई आहे. गणपती घेऊन झाल्यावर मामाने त्याच नंबरला आपल्याकडच्या वैष्णोदेवीच्या नाण्याचा फोटो पाठवला होता. उत्तर आलं, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त २,२०० रुपये 'नोंदणी व कर' आधी भरा. सोबत रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचं पत्र. मी पोचले तेव्हा मामा चष्मा लावून यूपीआयचा पिन आठवत होता.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला नेमक्या याच प्रकाराबद्दल प्रसिद्धिपत्रक काढलं आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत काही मंडळी बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क, कमिशन, कर मागत आहेत. बँक असे व्यवहार करत नाही, असं शुल्क कधीच मागत नाही, आणि आपल्या वतीने ते घेण्याचा अधिकार तिने कोणत्याही संस्थेला, कंपनीला किंवा व्यक्तीला दिलेला नाही. त्यात संदिग्ध असं एक वाक्य नाही. मी ते मामाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं, मग फोन उपडा ठेवला. मेसेजमधलं एकच वाक्य खोडायचं असेल तर हे खोडा. बाकीच्यांनी तुम्ही महाग वस्तू घ्याल. याने खात्यातले पैसे जातील आणि हातात वस्तूही येणार नाही.

आता पहिला मुद्दा. हा मला सर्वांत चीड आणणारा वाटतो, कारण त्यातला प्रत्येक शब्द सुटा घेतला तर खरा आहे.

होय, ते कायदेशीर चलन आहे. पण कुठलं? पॅसिफिक महासागरातल्या एका बेटाचं. आणि किती रुपयांचं? एक डॉलरचं. तोही अमेरिकेचा नाही, न्यूझीलंडच्या मापाचा, म्हणजे पन्नास रुपयांच्या आसपास. 'पैसा बुडूच शकत नाही' याचा खरा अर्थ, साडेनऊ हजारांतले पन्नास रुपये बुडू शकत नाहीत. तेही तुम्ही विमानाने त्या बेटावर गेलात, आणि तिथल्या दुकानदाराने असलं नाणं जन्मात पाहिलेलं असलं तर. डोंबिवलीतली कुठलीही बँक ते हातात धरणार नाही. मामाच्याच पोस्टात नेलं असतं तर मामाच्याच खिडकीवरून परत आलं असतं.

हा धंदा चालतो कसा, हे एकदा नीट सांगायला हवं. नियुए नावाचं एक बेट आहे. वस्ती दोन हजारांच्याही आत, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन मोठ्या सोसायट्या. रोजच्या वापरात न्यूझीलंडचा डॉलर. तरी या बेटाच्या नावाने २००१ मध्ये पोकेमॉनची नाणी निघाली, २०११ मध्ये स्टार वॉर्सची, पुढे डिस्नेच्या पात्रांची. यातली बहुतेक नाणी बेटवासीयांच्या खिशात कधी जातच नाहीत. ती परदेशी टांकसाळीत पाडली जातात, तिथूनच डब्यांत भरून थेट गिऱ्हाइकाकडे. बेटाला त्याच्या नावाचं मानधन मिळतं. त्या बेटाला मी दोष देत नाही. समुद्राच्या मधोमध एवढुशा जमिनीवर राहणाऱ्यांनी चार पैसे कसे मिळवायचे हा त्यांचा प्रश्न. पण 'परदेशी सरकारचं नाणं' म्हटल्यावर मामाच्या डोळ्यांपुढे जो खजिना, जो शिक्का, जी हमी उभी राहते, तसं काही इथे नसतं. सरकारने नाव भाड्याने दिलेलं असतं.

आणि सरकार असावंच लागतं असंही नाही. सोमालियाचं मध्यवर्ती सरकार १९९१ मध्ये कोसळलं, यादवी माजली. त्या देशाच्या नावावर २००४ मध्ये नाणी आली, तीही गिटारच्या आकाराची, रंगीबेरंगी. मोगादिशूमध्ये कोण कुठल्या दुकानात गिटार देऊन मीठ घेत होतं, विचारून या.

म्हणून मेसेजमधल्या तिसऱ्या मुद्द्याला मी फार काही म्हणणार नाही, कारण असली नाणी आहेत हे खरंच आहे. मंगोलियाने २००७ मध्ये केनेडींचं नाणं काढलं, बटण दाबलं की बर्लिनच्या भाषणातलं त्यांचं वाक्य ऐकू येतं. पलाऊ या बेटांच्या देशाचं त्याच वर्षीचं नाणं फ्रान्समधल्या लूर्द या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या पाण्याची चिमुकली कुपी पोटात घेऊन येतं. बेनिनने २०१० मध्ये गांजाच्या पानाचं नाणं काढलं, त्याला वासही गांजाचा. कॅनडाच्या २०१२ च्या नाण्यावर डायनोसॉर आहे, खोलीतला दिवा मालवला की अंधारात त्याचा सांगाडा चमकतो. मला स्वतःला तो डायनोसॉर आवडतो, माझ्या भाच्याला नक्की आवडेल. खेळणं म्हणून घ्या की! खेळण्याच्या दुकानात आपण 'पाच वर्षांनी किती येतील' असं विचारत नाही, एवढंच.

दुसऱ्या मुद्द्यावर मामा अडून बसला. "पण नग पाचच हजार आहेत ना? मग दुर्मीळ झालंच की."

नगांवर मर्यादा आहे, मामा. नमुन्यांवर नाही. या वर्षी लाल गणपती ५,०००, पुढच्या वर्षी निळा ५,०००, मग लक्ष्मी, मग हनुमान, मग सोन्याचा मुलामा दिलेला तोच गणपती ९९९. पाडणाऱ्याच्या हातात साचा आहे. आणि दुर्मीळपणा अर्धाच हिशोब. उरलेला अर्धा म्हणजे तुमच्याकडून घेणारा माणूस. माझ्या शाळेच्या वह्यांचीही जगात एकेकच प्रत आहे.

या बाबतीत इंग्लंडचं २००९ चं क्यू गार्डन्सचं पन्नास पेन्सांचं नाणं बघा. बागेतला पॅगोडा त्यावर कोरलेला. न रंग, न खडा, न डबी. चलनात सोडलेले नग होते दोन लाख दहा हजार, म्हणजे मामाच्या गणपतीच्या बेचाळीसपट. तरी आज ते छापील किमतीच्या कितीतरी पटींनी विकलं जातं. कारण ते सुट्ट्या पैशांत लोकांच्या हातात आलं, तेव्हा कोणी जपलं नाही, आणि खिशातली पन्नास पेन्सं गोळा करणारे लोक पुढे लाखांनी झाले. त्यांच्या संचात ती एक जागा रिकामी राहते. मामाचं नाणं मात्र पाचही हजार घरांत मखमलीत, कॅप्सूलमध्ये, प्रमाणपत्रासकट जपलेलं असणार. झिजणार नाही, हरवणार नाही, आणि विकायला निघेल तेव्हा सगळं एकदम निघेल.

'जुनं झालं की भाव येतो' हेही मामाचं पालुपद. शिवराई घ्या. महाराजांच्या काळापासूनचं तांब्याचं नाणं, आपल्या दृष्टीने त्याहून मोलाचं काय असणार? पण शिवराया इतक्या पाडल्या गेल्या, इतकी वर्षं चालल्या, की साधी झिजलेली शिवराई आजही नाण्यांच्या प्रदर्शनात सामान्य माणसाला परवडते. सोन्याचा होन मात्र दिसणंही मुश्कील. दोन्हींवर नाव त्याच राजाचं.

चौथा मुद्दा दोन वाक्यांत. वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ मध्ये चलनासाठीच निघाली आणि भाजीवाल्याच्या गल्ल्यापर्यंत फिरली. ती दहा लाखांना घेणारा माणूस मामाला भेटला असेल, तर त्याने आधी २,२०० कशाला मागावेत, दहा लाखांतून कापून घ्यावेत की. (माझ्या टेबलाच्या खणात १९९९ ची ज्ञानेश्वरांची रुपयावाली अकरा नाणी आहेत, महाराजांची दोन रुपयांवाली चार. मेसेजच्या हिशोबाने मी कोट्यधीश आहे.)

आता जे मान्य करायला हवं ते नाइलाजाने करते. नाणं चांदीचं आहे आणि चांदी चढली आहे. मामाने घेतलं त्यानंतरही चढली. तो ते सारखं ऐकवतो, आणि खोटं नाही. पण प्रमाणपत्रावरच लिहिलंय, वजन १५.५ ग्रॅम. घेतलं त्या दिवशीच्या भावाने त्यात पावणेदोन हजारांच्या आसपास चांदी होती. उरलेले पावणेआठ हजार रंग, खडा, मखमल आणि राणी. साडेनऊ हजारांची साधी चांदी घेतली असती तर चढलेला भाव पाचपटीहून जास्त वजनावर मिळाला असता. चांदी चढली याचं श्रेय नाणं पाडणाऱ्याने घेऊ नये.

आणि हे फक्त परदेशी मंडळीच करतात असंही नाही. आपल्या सरकारी टांकसाळीची ७५, १०० रुपयांची स्मारक नाणी दिसली की लोक बँकेत जाऊन मागतात. तिथे मिळत नाहीत. नव्या संसद भवनाचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं, त्यात चांदी निम्मी, आणि टांकसाळ ते हजारांच्या भावात विकते. ती निदान ते लपवत नाही; संग्राहकांसाठी आहे असं सांगते. काही जुन्या संचांना पुढे चांगला भाव आला हेही खरं. पण कोणते, हे त्या वेळी कोणाला सांगता आलं नव्हतं, आणि ग्रुपवरच्या मेसेजला तर नाहीच नाही.

जगातलं सर्वांत भपकेबाज नाणं म्हणावं तर कॅनडाचं २००७ चं, शंभर किलो शुद्ध सोन्याचं, छापील किंमत दहा लाख डॉलर. त्यातलं एक २०१७ मध्ये बर्लिनच्या बोडे संग्रहालयातून चोरांनी शिडी आणि ढकलगाडी वापरून नेलं. नाणं परत मिळालंच नाही. तुकडे करून वितळवलं असावं, असाच अंदाज आहे. चोरांनाही त्यातलं सोनंच दिसलं.

शेवटी मामाचं समाधान व्हावं म्हणून आम्ही चालत चालत त्याच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. त्याआधी मी विक्रेत्याला मामाच्याच फोनवरून विचारलं होतं, "परत घेता का? कितीला?" दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. सराफाने कॅप्सूल उघडलं. मामाने श्वास रोखला. सराफाने नाणं तराजूत टाकलं, भिंग लावून खडा पाहिला आणि नखाने हळूच टोकरला. म्हणाला, "काका, चांदीचा भाव देईन. रंग आणि खडा काढावा लागेल, त्याची घट धरून. पण खरं सांगू? गणपती आहे, मला वितळवायला नको वाटतं. तुम्हीच ठेवा."

मामाने ठेवलं. प्रमाणपत्र विजेच्या बिलांच्या फाइलला लागलं. नाणं आता देव्हाऱ्यात आहे, राणी भिंतीकडे तोंड करून.