पाळीत सायकल बंद करू नका, सोय नीट करा

पाळी आली की चार दिवस मुलीची सायकल भिंतीला लावून ठेवायची, ही आपल्या घराघरांतली पद्धत आता बंद झाली पाहिजे. मी लातूरची आहे, चाळिशी ओलांडलेली आहे, रोज सायकल चालवते. रविवारी आम्ही बायका मिळून लांब जातो. त्यामुळे या विषयावर मुली आणि त्यांच्या आया माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. तेच आज सगळ्यांसमोर लिहिते आहे. पुरुषांनीही वाचावं, घरातल्या मुलीला सायकल तेच घेऊन देतात.

लातूरच्या ट्यूशन एरियात सकाळी लवकर जाऊन उभं राहा. पाठीला सॅक लावून मुली सायकलवर क्लासला निघालेल्या दिसतात. कुणी निलंग्याची, कुणी अहमदपूरची, कुणी थेट हिंगोलीकडची. आईबापाने शेतातल्या पैशातून खोलीचं भाडं आणि क्लासची फी भरलेली असते. त्या मुलीला महिन्याचे चार दिवस सायकल नको म्हटलं, तर ती एकतर ऑटोला पैसे घालते, नाहीतर तास बुडवते. गावाकडच्या शाळकरी मुलीला तर ऑटोही मिळत नाही. ती घरीच बसते.

आयांची भीती मला कळते. एका काकूंनी मला विचारलं होतं, "माय, सायकल हाणल्यानं पिशवी खाली सरकत नाही का गं?" नाही सरकत. गर्भाशय ओटीपोटात स्नायू आणि बंधांनी धरलेलं असतं. सीटवर नीट बसलं की भार येतो तो बसायच्या दोन हाडांवर. रक्तस्रावही सायकलने वाढत नाही. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. बराच वेळ बसून किंवा झोपून उठलं की आत साठलेलं एकदम बाहेर येतं आणि वाटतं, आज फारच जातंय. एकूण मात्र तेवढंच असतं. दुखण्याचं म्हणाल तर गर्भाशय आकुंचन पावतं त्यामुळे पोटात कळा येतात, आणि हलक्या व्यायामाने त्या अनेकींना कमीच वाटतात. मला स्वतःला पहिल्या दिवशी अंथरुणात पडून राहण्यापेक्षा सकाळी अर्धा तास सावकाश पायडल मारलं की कंबर मोकळी होते.

आणखी एक भीती असते, ती तोंडावर कुणी बोलत नाही. लग्नाची. योनीच्या तोंडाशी असलेला पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो, लवचीक असतो, आणि त्यावरून कुणाच्याही चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. डॉक्टरांनाही ते बघून सांगता येत नाही. त्या भीतीपोटी एका मुलीचंही शिक्षण अडू नये. याबाबतीत मी कुणाशीही तडजोड करायला तयार नाही.

ज्यांना खरंच असह्य दुखतं, चक्कर येते, तासा-दोन तासाला पॅड भिजतं, त्यांनी त्या दिवशी सायकल घेऊ नये. पण नुसतं घरी बसून भागणार नाही, डॉक्टरकडे जायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. अशा अंगातून दर महिन्याला जास्त रक्त जात असेल, तर ते सहन करत राहण्यासारखं दुखणं नाही. आपल्याकडे आणखी एक गोष्ट झाली आहे. बीडच्या ऊसतोड बायकांनी पाळीचा त्रास आणि कामाचा खाडा टाळण्यासाठी पिशव्या काढून घेतल्याचं 2019 मध्ये राज्यभर गाजलं. पाळीत काम कसं करायचं, कपडा कुठे बदलायचा, पाणी कुठून आणायचं हे कुणी बघितलं नाही, आणि अवयवच काढून टाकायची वेळ आली. मराठवाड्यातल्या बाईने तरी हा विषय लाजेखातर दाबून ठेवू नये.

आता नेमकं टोचतं काय, ते सांगते. साधं पॅड चालण्या-बसण्यासाठी केलेलं असतं. सायकलवर मांड्या सतत वर-खाली होतात. पॅडचे पंख निकरच्या कडेवरून खाली दुमडलेले असतात, ती प्लॅस्टिकची धार मांडीच्या सांध्यात घासत राहते. घाम आला की पॅडचा गोंद सुटतो, पॅड मधून गोळा होतं आणि पुढे सरकतं. वरून जीन्स असेल तर विचारू नका. जीन्सच्या चारही शिवणी जिथे एकत्र येतात तो जाड गोळा बरोबर सीटवर येतो. दहा-पंधरा किलोमीटर झाले की कातडी लाल होते, रात्री पाणी लागलं की आग होते. मुली समजतात, पाळीत सायकल चालवल्यामुळे हे झालं. खरं तर हे त्या शिवणीमुळे आणि त्या प्लॅस्टिकमुळे झालेलं असतं.

म्हणून क्लासपुरतं, शाळेपुरतं जायचं असेल तर पातळ पॅड, अंगाला घट्ट बसणारी सुती निकर, वर लेगिंग किंवा कमी चुण्यांची सलवार. जांघेत आधीच थोडं खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचं, पॅडच्या गोंदाला तेल लागू द्यायचं नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो, तेव्हा पॅड पूर्ण भरलं नसलं तरी चार तासांनी बदलायचंच, कारण त्रास रक्तापेक्षा घामाचा जास्त होतो. उन्हात उभ्या सायकलचं रेक्झिन भाजतं, त्यावर ओला नॅपकिन फिरवून मग बसावं. आजीच्या काळासारखा जुन्या सुती लुगड्याचा कपडा वापरणाऱ्याही आहेत. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवला तर त्यात वाईट काही नाही, पण सायकलवर त्याची जाड घडी फार घासते.

लांब जाणाऱ्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे. कप. मेन्स्ट्रुअल कप म्हणजे योनीत बसवायचा, रक्त साठवणारा मऊ छोटा पेला. तो आत बसला की सीट आणि शरीर यांच्यामध्ये काहीच उरत नाही, ना पंख ना घडी. सायकलिंगची पॅडेड शॉर्ट आतून निकर न घालता वापरायची असते, आणि तिथे पॅड चिकटवायला जागाच नसते. कप असला की तो प्रश्नच राहत नाही. साधारण 12 तासांपर्यंत ठेवता येतो. 200 किलोमीटरच्या बीआरएम राइडला, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे मध्ये एकदा रिकामा केला तरी पुरे. तीनशे-पाचशे रुपयांत मिळतो आणि नीट सांभाळला तर काही वर्षं चालतो. पहिल्या एक-दोन पाळ्या घरीच सराव करा, पहिल्यांदा वापरताना मोठ्या राइडला जाऊ नका. बाहेर काढताना नुसतं देठ धरून ओढायचं नाही, तळ चिमटीत दाबून आतली हवा सोडायची आणि मग काढायचा. ज्यांनी तांबी बसवली आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण ओढताना तांबी हलू शकते. टॅम्पॉन, म्हणजे आत ठेवायचा कापसाचा बोळा, वापरत असाल तर आठ तासांच्या वर ठेवू नका, त्यातून क्वचित पण गंभीर संसर्ग होऊ शकतो. कपाची भीती वाटते त्यांच्यासाठी पीरियड पँटी, म्हणजे रक्त शोषून घेणारी निकर, हा मधला मार्ग आहे, फक्त आमच्याकडच्या उन्हात ती जरा जड होते.

"लातुरात प्यायला पाणी नाही, कप कुठे धुवायचा?" असं मला हमखास विचारतात. 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं आपलं गाव, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण पाळी सुरू होताना एकदा आणि संपल्यावर एकदा पातेलीभर पाण्यात कप उकळायचा, मधल्या दिवसांत प्यायच्या बाटलीतलं थोडं पाणी पुरतं. रोजचे कपडे धुण्यापेक्षा पाणी कमीच लागतं.

सीटही बघा. मऊ जेलचं कव्हर बसवून मुली खूश होतात, पण फार मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो. बायकांची बसायची हाडं सहसा जरा जास्त अंतरावर असतात, म्हणून थोडी रुंद आणि मध्ये खाच असलेली सीट बरी. सीटची उंची जास्त असेल तर प्रत्येक पायडलला कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि तिथेच घासतं. मेकॅनिककडे पाच मिनिटांत होणारं काम आहे. वाटेत दर दहा-पंधरा मिनिटांनी सीटवरून थोडं उठून पायडल मारायचं, तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

एवढं सगळं बाईने स्वतः केलं तरी एक गोष्ट तिच्या हातात नसते, ती म्हणजे बदलायची जागा. आम्ही औशामार्गे तुळजापूरला जातो, उजनीला बासुंदी खायला थांबतो. वाटेत एका पंपावर आमच्यातली एक संडासाची किल्ली मागायला गेली. पोराने मालकाकडे बघितलं, मालकाने मोबाइलमध्ये. शेवटी दार उघडलं तर आत ऑइलचे रिकामे डबे रचलेले, कडी तुटलेली, नळ कोरडा. आमच्यातल्या दोघींनी बाहेर ओढणी धरली. अशा जागांच्या धास्तीने बायका पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, लघवीला आग होते, पायात गोळे येतात, आणि घरी गेल्यावर ऐकावं लागतं, "सांगितलं होतं नको जाऊ." तुळजापूरला पोहोचल्यावर देवळात जायचं की नाही हे जिचं तिने ठरवावं, त्यावर मी कुणाला उपदेश करणार नाही. पण तिथपर्यंतचा रस्ता तरी तिला मिळाला पाहिजे.

सरकारने मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या. 2018 मध्ये अस्मिता योजना आली, शाळकरी मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट. दोन्ही गोष्टी चांगल्या, मनापासून सांगते. पण सायकल एका खात्याची आणि पॅड दुसऱ्या खात्याचं. पाच किलोमीटर सायकल मारून आलेल्या मुलीला शाळेत पॅड बदलायला कडी लागणारं दार, बादलीभर पाणी आणि झाकणाचा डबा लागतो, हे कुणी एकत्र बघायचं? ज्यांच्या गावच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीवर बायका आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत एवढ्या तीनच गोष्टी मागा. मोठा निधी लागत नाही.

राइड ठरवणाऱ्या भावांना एक विनंती. ग्रुपवर मेसेज टाकताना नाश्ता कुठे ते लिहिता, तसं बायकांसाठी स्वच्छ संडास कुठे आहे तेही लिहा. आदल्या दिवशी फोन करून विचारा. सपोर्ट गाडीत पॅडचं पाकीट, जुने पेपर, पाण्याचा जार आणि एक मोठी चादर ठेवा.

आणि मैत्रिणींनो, लातूर-तुळजापूर, लातूर-नांदेड, संभाजीनगर-वेरूळ, जालना-परभणी, ज्या रस्त्यावर तुम्ही सायकल चालवता तिथल्या कोणत्या पंपावर, धाब्यावर, बसस्थानकावर आतून कडी लागते आणि नळाला पाणी असतं, ते गावाच्या नावासकट खाली लिहा. मी एकत्र करून यादी बनवते आणि दिवाळीनंतरच्या राइड सुरू व्हायच्या आत सगळ्या ग्रुपवर पाठवते.