फ्लॅट फीवर घर विकलं तर ५५ हजार डॉलर बुडतात म्हणे

अमेरिकेत घर विकायला काढलंय असं कुणाला सांगायचा अवकाश, की तो मेसेज येतोच. "फ्लॅट फीच्या नादी लागू नका. एजंटशिवाय विकलेलं घर ५५ हजार डॉलरने कमी जातं, बायरचे एजंट अशी घरं दाखवतच नाहीत, पेपरवर्क चुकलं तर कोर्टकचेरी, आणि हे लोक तरी काय करतात, नुसते फोटो टाकतात." आकडा आहे, भीतीपण आहे, त्यामुळे मेसेज फॉरवर्ड होत राहतो. फ्लॅट फी म्हणजे टक्क्यांत कमिशन न देता ब्रोकरला ठरावीक रक्कम द्यायची. आता मेसेजमधल्या एकेका मुद्द्याचं बघू.

५५ हजार हा आकडा हवेतला नाही. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या संघटनेच्या २०२४ च्या सर्व्हेत एजंटमार्फत विकलेल्या घरांची मीडियन (म्हणजे अगदी मधली) किंमत ४ लाख ३५ हजार डॉलर होती आणि मालकाने स्वतःच विकलेल्या घरांची ३ लाख ८० हजार. वजाबाकी बरोबर आहे, अर्थ चुकीचा लावलाय. स्वतः विकणाऱ्यांमधले बरेच जण ओळखीतच विकतात, भाच्याला, भाडेकरूला, शेजाऱ्याला, शिवाय त्यांच्यात गावाकडची घरं आणि मोबाइल होम जास्त असतात. म्हणजे तेच घर दोन पद्धतीने विकून बघितलंय असं काही नाही, घरंच वेगळी आहेत. (आणि हा सर्व्हे कोणाच्या संघटनेचा, हे मेसेजमध्ये कधीच नसतं, बघा.)

त्याहून मोठी गंमत म्हणजे हा आकडा फ्लॅट फीचा नाहीच. फ्लॅट फीवाला हा लायसन्सवाला ब्रोकरच असतो, तो काहीशे डॉलर घेऊन तुमचं घर एमएलएसवर, म्हणजे ब्रोकर लोकांच्या विक्रीच्या घरांच्या सामायिक यादीत, टाकतो आणि बाकी कामं तुमच्यावर सोडतो. रिअल्टर्सच्या सर्व्हेत एजंट घेतलेल्या लोकांना वेगळं विचारतात की एजंटने सगळं केलं, थोडं केलं, की फक्त एमएलएसवर टाकलं. म्हणजे "फक्त एमएलएसवर टाकलं"वाले लोक मोजलेत एजंटच्या बाजूला, आणि त्यांनाच घाबरवायला आकडा वापरताय समोरच्या बाजूचा!

खरी तुलना कोणी केली असेल तर विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात. तिथे मालकांनी स्वतः घरं विकायची एक साइट चांगली चालायची, तिथली विक्री आणि एमएलएसवरची विक्री हेंडेल, नेवो आणि ऑर्टालो-मान्ये या तीन अर्थशास्त्रज्ञांनी शेजारी ठेवून बघितली, पेपर २००९ चा आहे. एमएलएसमुळे जास्त किंमत मिळते असं काही त्यांना दिसलं नाही. फरक दिसला तो वेळेत, साइटवरच्या घरांना विकायला जास्त वेळ लागायचा आणि काही लोक कंटाळून शेवटी एमएलएसकडे वळायचे. म्हणून तर फ्लॅट फी घ्यायची ना, एमएलएस पहिल्या दिवसापासून मिळावं म्हणून. आता झिलो या घरं शोधायच्या साइटवर फुकटात स्वतः टाकता येतं हे मान्य, पण २०२१ पासून तिथे एमएलएसमधून न आलेली घरं वेगळ्या टॅबमध्ये जातात आणि त्या टॅबवर क्लिक करतं कोण.

एजंट असला की जास्त किंमत काढूनच देतो हे जे गृहीत धरलंय त्यावरपण थोडं. लेविट आणि सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या परिसरातली लाखभर घरं तपासली, तर एजंट स्वतःचं घर विकताना ते साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत काढतो. तुमच्या घराला तोच माणूस "ऑफर चांगली आहे, घेऊन टाका" म्हणतो. वाईट माणूस आहे म्हणून नाही, गणितच तसं आहे. १० हजार जास्त मिळाले तर त्याच्या बाजूचे ३ टक्के म्हणजे ३००, त्यातले निम्मे कंपनीला गेले तर हातात १५०. तेवढ्यासाठी तो अजून दोन वीकेंड ओपन हाउस का करेल?

आता बायरचे एजंट घर दाखवत नाहीत हा मुद्दा. हे पूर्वी चालायचं आणि उघड चालायचं, खोटं कशाला बोला. मिशिगनमध्ये रिअलकॉम्प नावाच्या एमएलएसने अशी कमी फीची लिस्टिंग्ज सार्वजनिक साइट्सवर जाऊच दिली नाहीत, ते प्रकरण बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने लावून धरलं आणि २०११ मध्ये अपील कोर्टानेही त्या संस्थेचीच बाजू उचलून धरली. त्यानंतर २०२३ च्या ऑक्टोबरात मिसूरीतल्या ज्यूरीने एजंटच्या दलालीच्या पद्धतीवरून रिअल्टर्स संघटना आणि मोठ्या ब्रोकर कंपन्यांवर जवळपास १.८ अब्ज डॉलरचा दणका दिला, संघटनेने ४१.८ कोटी डॉलरवर तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून बायरच्या एजंटला किती मिळणार हे एमएलएसवर लिहायलाच बंदी आली. बायरला घर बघायच्या आधीच आपल्या एजंटशी लेखी करार करावा लागतो आणि त्याची फी त्यात ठरते. म्हणजे तुमच्या घरावर कमी कमिशन आहे म्हणून लिस्टमधून गाळायची जी सोय होती ती बरीचशी गेली. शिवाय बायर आजकाल घर स्वतःच फोनवर शोधतो आणि एजंटला सांगतो हे दाखव.

पण एजंट लोक फ्लॅट फीच्या घराला कचरतात याला एक खरं कारण आहे, ते मेसेजमध्ये नाही. त्यांना भीती असते की समोर एजंट नाही म्हणजे दोन्हीकडची कामं आपल्याच गळ्यात पडणार. मालक फोन उचलत नाही, ऑफरला दोन दिवस उत्तर नाही, इन्स्पेक्शनवाल्याला दार उघडायला कोणी नाही. हे तुमच्या हातात आहे.

इथे फ्लॅट फीच्या जाहिरातींचीपण हवा काढायला पाहिजे. "५ लाखांच्या घरावर ३० हजार वाचवा" असं लिहितात, तर ३० हजार म्हणजे ६ टक्के, आणि ते दोन्ही एजंटचे मिळून. फ्लॅट फीमुळे वाचतो तो तुमच्या एजंटचा, साधारण अर्धा, म्हणजे १५ हजार. बायरच्या एजंटला काही द्यायची सक्ती तुमच्यावर नाही, पण बायरला ती फी सहसा कर्जात घालता येत नाही, त्यामुळे तो ऑफरमध्येच तुमच्याकडे मागणार, आणि मग ती घासाघीस तुम्हालाच करायची आहे.

पेपरवर्कचा बाऊ जास्त आहे, धोका थोडा आहे. टेक्साससारख्या राज्यात एजंट जो फॉर्म वापरतात तो सरकारी रिअल इस्टेट कमिशनचा छापील फॉर्म असतो, कोणालाही मिळतो. न्यू यॉर्क, न्यू जर्सीकडे व्यवहारात वकील असतोच बहुतेक. चुका होतात त्या डिस्क्लोजरमध्ये, म्हणजे घरातले दोष लेखी सांगण्यात. बेसमेंटमध्ये पाणी येतं हे माहीत असून लिहिलं नाही तर अंगाशी येतं, एजंट असला तरी येतं. घर १९७८ च्या आधीचं असेल तर लेड पेंटची (शिसं असलेल्या रंगाची) माहिती देणं फेडरल कायद्याने बंधनकारक आहे. आणि "मी स्वतः विकतोय, आपल्यातल्याच फॅमिलीला देणार" असं लिस्टिंगमध्ये लिहायचा मोह आवरा, घर देताना धर्म-वंश बघून भेदभाव करू नका सांगणाऱ्या फेअर हाउसिंग कायद्यात जाहिरातीला सूट नाही.

राहिलं "नुसते फोटो टाकतात". हो, आणि पैसे तेवढ्याचेच घेतात. फक्त सही करायच्या आधी करार शेवटपर्यंत वाचा, काहींचं आत बारीक अक्षरात क्लोजिंगला (व्यवहार पूर्ण होताना) अर्धा-एक टक्का, किंमत बदलायचे पैसे, लिस्टिंग काढायचे पैसे असं असतं, मग फ्लॅट कसली ती. आणि इलिनॉयसारख्या राज्यात तर ब्रोकरला कायद्यानेच ऑफर तुमच्यापर्यंत आणणं, प्रश्नांना उत्तरं देणं असं किमान काम करावं लागतं, ते करून घ्या.

ज्यांच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, आपल्यासारखीच पाच घरं नुकती विकली गेलीत त्यांना किंमत ठरवणं फार अवघड नाही, त्यांनी खुशाल करावं. घर जरा चमत्कारिक असेल, शेजारी तुलनेला काही नसेल, किंवा तुम्ही आधीच दुसऱ्या राज्यात शिफ्ट झाला असाल तर पूर्ण सर्व्हिसचा एजंट घ्या, त्यात कमीपणा नाही. पण तो "आमचा रेट ठरलेला आहे" म्हणाला तर त्याच्याच लिस्टिंग ॲग्रीमेंटमधली कमिशन कायद्याने ठरलेलं नाही, वाटाघाटीचं आहे अशी ओळ त्याच्यासमोर ठेवा, रिअल्टर्स संघटनेच्या त्या तडजोडीनंतर ती असायलाच लागते.