हिरो पडला की संतापायचं कसं

घाई करू नका. आधी तो पिवळा पट्टा शोधा.

तोच, सिलिकॉनचा, २००४-०५ च्या सुमारास मनगटावर चढवलेला, ‘लिव्हस्ट्राँग’ असं कोरलेला. नायकीने सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या कॅन्सर-संस्थेसाठी डॉलरला एक या भावाने बाजारात आणला आणि जगभरात आठ कोटींच्या आसपास खपला. तुमचा अर्थातच त्या आठ कोटींत नव्हता. तुमचा फर्ग्युसन रस्त्याच्या फुटपाथवर चादर पसरून बसलेल्या पोऱ्याकडचा, वीस रुपयांना तीन, शेवटचं अक्षर जरा वाकडं. माझाही तिथलाच. म्हणजे कॅन्सरग्रस्तांच्या मदतीला आपल्या खिशातून एक छदामही गेलेला नाही. ही गोष्ट सगळ्यांत आधी नीट विसरा. कारण आता तुम्हाला ‘आमची फसवणूक झाली’ असं म्हणायचंय, आणि फसायला आधी काहीतरी द्यावं लागतं.

प्रकरण कुणाचं ते सांगायला नकोच. लान्स आर्मस्ट्राँग, टेक्सासचा. ऑक्टोबर १९९६ मध्ये, पंचविशीत, वृषणाचा कॅन्सर निघाला. फुप्फुसांत आणि मेंदूत पोचलेला. त्यातून उठला आणि १९९९ ते २००५ अशी ओळीने सात वर्षं टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकला. मग १० ऑक्टोबर २०१२ ला अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘युसाडा’ने, हजारावर पानांचं बाड बाहेर काढलं. सव्वीस जणांच्या साक्षी, त्यांतले अकरा त्याच्याच संघातले. बारा दिवसांत आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने सातही विजेतेपदं काढून घेतली. जुनं झालं हे, मान्य. पण सराव जुन्या प्रकरणावरच करावा. पुढचा हिरो पडेल तेव्हा ऐन वेळी तारांबळ नको.

एक वाक्य मात्र पाठच करून ठेवा: “मला तेव्हाच वाटलं होतं.” ‘तेव्हाच’वर जोर द्यायचा आणि चहाचा घोट घ्यायचा. ‘तेव्हाच’ म्हणजे नक्की केव्हा, असं कुणी विचारत नाही, कारण ऐकणाऱ्यालाही तेव्हाच वाटलेलं असतं. जुलै २००५ मध्ये पॅरिसला सातव्यांदा मंचावर उभं राहून तो म्हणाला होता की शंकेखोरांची मला कीव येते, त्यांना मोठी स्वप्नं बघता येत नाहीत, चमत्कारावर त्यांचा विश्वास नाही. आपणही तेव्हा शंकेखोरांची कीवच करत होतो, पण टीव्हीसमोर मान डोलावल्याची नोंद कुठे राहत नाही. त्याचं कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं असेल तर सेलोटेप हळू काढा. रंग निघतो.

आता संताप किती करायचा? इतरांनी काय केलं ते बघून घ्या. इंग्लंडात केंट परगण्यात एडनब्रिज नावाचं गाव आहे. तिथे नोव्हेंबरात दरवर्षी कुणा ना कुणा नामवंताचा पुतळा जाळतात. २०१२ साली मान आर्मस्ट्राँगला मिळाला. जवळपास तीस फुटी पुतळा, सोबत ‘रेसिंग सायकल विकणे आहे, गरज उरलेली नाही’ अशी पाटी. (आपल्याकडे होळीला बोंब मारायला एवढा खर्च लागत नाही.) सिडनीजवळच्या मॅनली वाचनालयात त्याची सगळी पुस्तकं लवकरच कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात हलवली जातील, अशी सूचना लागली. ती कुणीतरी केलेली थट्टा निघाली, पण तोवर जगभर खरी म्हणून वाचून झाली होती. कॅलिफोर्नियात तर वाचकांनी दावाच ठोकला की सत्यकथा म्हणून विकलेलं आत्मचरित्र खोटं निघालं, पैसे परत द्या. न्यायाधीशांनी तो २०१३ मध्ये फेटाळला. तुम्ही या फंदात पडू नका. तुम्ही ते पुस्तक वाचनालयातून आणलं होतं आणि त्याचा दंड अजून भरायचाय.

दुखावं कसं, हे खरं शिकावं ते कंपन्यांकडून. १७ ऑक्टोबर २०१२ या एका दिवसात नायकी, ट्रेक सायकलवाले आणि बिअरवाले असे सगळे त्याला सोडून गेले. साडेसात कोटी डॉलर बुडाले, असं त्याने स्वतःच सांगितलं. पद्धत साधी आहे. नफा चालू आहे तोवर प्रश्न विचारायचा नाही, आणि उत्तर बाहेर आलं की सगळ्यांच्या आधी काळीज तुटल्याचं पत्रक काढायचं.

संध्याकाळपर्यंत तुम्हाला रक्तशास्त्र आलं पाहिजे. त्याला दहा मिनिटं पुरतात. ईपीओ हे संप्रेरक मूत्रपिंड तयार करतं. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, पेशी वाढल्या की ऑक्सिजन जास्त, आणि ऑक्सिजन जास्त की आल्प्सचा चढ खंबाटकी घाटासारखा वाटतो. किडनीच्या रुग्णांसाठी औषध म्हणून ते बनवलं, पण गिऱ्हाईक दुसरंच मिळालं. कितीतरी वर्षं त्याची चाचणीच नव्हती. म्हणून १९९७ मध्ये नियम आला की रक्तातल्या पेशींचं प्रमाण पन्नास टक्क्यांवर गेलं तर शर्यतीबाहेर. म्हणजे एकोणपन्नासवाला सज्जन. पुढे ईपीओ पकडायची चाचणी आली, तशी मंडळी आपलंच रक्त काढून, पिशवीत साठवून, शर्यतीच्या मध्यावर परत चढवून घ्यायला लागली.

आणि रक्त साठवायचं तर फ्रिज लागतो. फ्लॉइड लँडिस या त्याच्या सहकाऱ्याने पुढे सांगितलं की २००३ मध्ये स्पेनमधल्या जिरोना गावी आर्मस्ट्राँगच्या फ्लॅटमध्ये असा फ्रिज होता. यजमान बाहेरगावी जाताना लँडिसला सांगून गेले: रोज तापमान बघत जा. मला या सगळ्या हजार पानांत हीच गोष्ट फार घरगुती वाटते. आपण नाही का गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली देतो, तुळशीला पाणी घाला म्हणून? फक्त इथे तुळशीच्या जागी पैलवानांचं रक्त. हे पुण्यात झालं असतं तर एका गुरुवारच्या देखभाल-दुरुस्तीत सायकलिंगचा इतिहास वेगळा लागला असता.

मग येतं “सगळेच घेत होते.” हे फार गुणी वाक्य आहे, एकाच दमात आरोपही होतो आणि जामीनही मिळतो. पुरावाही आहे. त्या सात वर्षांच्या विजेत्यांच्या रकान्यात आज कुणाचंच नाव नाही, कारण दुसऱ्याला वर सरकवायचं तर दुसरा कोण? तीनदा यान उलरिच, एकदा इव्हान बास्सो, आणि दोघेही स्पेनमधल्याच दुसऱ्या एका रक्ताच्या पिशव्यांच्या प्रकरणात अडकून बंदी भोगून आलेले. १९९६ चा विजेता ब्यार्न रीस तर २००७ मध्ये आपण होऊन म्हणाला की हो, मी ईपीओ घेतलं होतं. त्याचं नाव यादीत आजही आहे. तुम्ही यावर संतापलात? नाही ना? रीसचा पट्टा निघाला नव्हता.

‘सगळेच’ म्हणताना मात्र आवाज जरा खाली घ्या. ख्रिस्तोफ बासाँ नावाच्या माणसाने ऐकलं तर पंचाईत. हा फ्रेंच गडी फेस्तिना संघात होता. १९९८ मध्ये फेस्तिनाचं औषधांचं दुकान पकडलं गेलं तेव्हा कबुली देणाऱ्या सहकाऱ्यांनीच सांगितलं की बासाँ तेवढा घेत नव्हता. १९९९ च्या टूरमध्ये तो एका वर्तमानपत्रात लिहायचा, आणि लिहायचा असं की हा वेग स्वच्छ नाही. आल्प द्युएझच्या टप्प्यावर आघाडीवरच्याची पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग सायकल जवळ घेऊन त्याला म्हणाला की तुझ्या बोलण्याने खेळाचं नुकसान होतंय, तू घरी जा. दुसरं कुणीच त्याच्याशी बोलेना, अगदी त्याच्या संघातलेही. दोन दिवसांत तो पहाटे बॅग भरून घरी गेला. आपण त्या वर्षी ‘मृत्यूवर मात’ हे मथळे वाचत होतो. एक माणूस शर्यत सोडून गेला याची बातमी होती म्हणे आतल्या पानावर.

फिलिप्पो सिमेओनीचं तर टीव्हीवरच झालं. या इटालियनाने डॉक्टर फेरारीविरुद्ध कोर्टात साक्ष दिली होती की ईपीओ कसं घ्यायचं ते यांनी मला शिकवलं. फेरारी म्हणजे आर्मस्ट्राँगचे डॉक्टर. आर्मस्ट्राँग त्याला जाहीरपणे खोटारडा म्हणाला, तेव्हा सिमेओनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. २३ जुलै २००४, टूरचा अठरावा टप्पा. सहाजण पुढे निसटले होते. त्यांच्यातल्या कुणाकडूनही आर्मस्ट्राँगला धोका नव्हता, टूर खिशात होती. सिमेओनी त्यांना गाठायला निघाला आणि त्याच्या मागे कोण? खुद्द पिवळी जर्सी. अख्ख्या टूरचा मालक एका सामान्य शिलेदाराच्या चाकाला चिकटून निघाला. आता हा इथे असेपर्यंत मागचा जथा आपल्याला सोडणार नाही, हे पुढच्या सहा जणांना कळलं. ते सिमेओनीला विनवायला लागले की बाबा, तू मागे जा, आमचा दिवस घालवू नकोस. तो थांबला. आर्मस्ट्राँग त्याला घेऊन मागे आला, जथ्यात शिरला, कॅमेऱ्याकडे वळला आणि बोटांनी ओठांवरून चेन ओढल्यासारखं केलं. जथ्यातल्या लोकांनी शिव्या घातल्या त्या सिमेओनीला.

मी हे थेट बघितलं होतं. आणि काय म्हणालो होतो ते मला आठवतं. मी म्हणालो होतो, “काय जिगर आहे!”

तर हे नाव टाळा. एमा ओ’रायलीचंही. संघात मालीश करणारी ही आयरिश बाई सांगत होती की १९९९ मध्ये चाचणीत स्टिरॉइड सापडलं तेव्हा मागच्या तारखेची चिठ्ठी बनवली गेली, सायकलच्या सीटने झालेल्या जखमेवरचं मलम म्हणून. त्याने तिला कोर्टात खेचलं आणि तिच्या चारित्र्यावर चिखल उडवला. बेट्सी अँड्र्यूचंही टाळा, ही त्याच्या एका संघसहकाऱ्याची बायको. १९९६ मध्ये इंडियानापोलिसच्या इस्पितळात तो डॉक्टरांना आपण काय काय घेतलं ते सांगत होता, हे तिने स्वतः ऐकलं आणि शपथेवर सांगितलं. वर्षानुवर्षं तिला वेडी ठरवलं गेलं. या बायकांचा विषय निघालाच तर “मग तेव्हा का नाही बोलल्या?” असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत मोबाइल बघायचा. उत्तर असं आहे की तेव्हाच बोलल्या होत्या, आणि आपण त्यांची कीव करत होतो.

या नावांची अडचण अशी की ती घेतली की संताप इंजेक्शनवरून सरकून भलतीकडेच येतो. इंजेक्शन घेतलं त्याने. बाकीच्यात आपण होतो.

चर्चा फारच अंगाशी आली तर हुकमाचं पान टाका: “पण कॅन्सरच्या किती लोकांना त्याने उभारी दिली!” हे खरंच आहे, त्यावर हसू नका. आपला युवराजसिंग २०१२ मध्ये उपचाराला त्याच इंडियानापोलिसला गेला, आर्मस्ट्राँगच्याच डॉक्टर आइनहॉर्न यांच्याकडे, आणि आर्मस्ट्राँगची गोष्ट त्याने उशाशी ठेवली होती. फक्त एक करा, आइनहॉर्न यांचं नाव पुढे वाचू नका. या गृहस्थांनी सत्तरच्या दशकात सिस्प्लॅटिन हे औषध वापरून वृषणाचा कॅन्सर बरा करता येतो हे दाखवून दिलं. त्याच केंद्रातल्या डॉक्टरांनी आर्मस्ट्राँगला नेहमीच्या मिश्रणातलं एक औषध बदलून दिलं, फुप्फुसांना इजा होऊ नये म्हणून. पुढे सात वर्षं आपण ज्या फुप्फुसांचं कौतुक केलं ती अशी वाचवलेली. पण ‘जिद्दीने मृत्यूला हरवलं’ हे वाक्य पोस्टरवर मावतं. ‘सिस्प्लॅटिनने हरवलं’ म्हटलं की माणूस केमिस्टच्या दुकानात गेल्यासारखा दिसतो. सिस्प्लॅटिनचा पट्टाही कुणी काढला नाही.

माफीचं काय? त्याची मुलाखत अमेरिकन टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रीने घेतली, जानेवारी २०१३ मध्ये, आपल्याकडे तेव्हा सकाळ होती. सुरुवातीलाच फक्त हो की नाही विचारलं. बंदी असलेली औषधं? हो. ईपीओ? हो. रक्त? हो. सातही वेळा? हो. इतक्या सरळ उत्तरांमुळे प्रेक्षकांची फार निराशा झाली. रडला का नाही? रडला असता तर नाटकी, नाही रडला तर निर्ढावलेला. तुम्ही दोन्ही मतं तयार ठेवा आणि व्हिडिओ बघून एक खोडा. तो म्हणाला की फसवणूक या शब्दाचा अर्थ मी डिक्शनरीत काढून बघितला. बेट्सीबद्दल म्हणाला की मी तिला वेडी म्हणालो, अजून बरंच म्हणालो, पण जाडी कधीच म्हणालो नाही. आणि एमाला कोर्टात खेचलं होतंस का, तर म्हणाला, आम्ही इतक्या लोकांवर दावे लावले की नक्की आठवत नाही, लावलाच असेल. इथे संतापायला हरकत नाही. इथे मीही संतापतो. पण यातलं तुमच्या लक्षात राहील ते ‘डिक्शनरी’ एवढंच, कारण विनोद त्याच्यावर झाले.

सध्या त्याचं बरं चाललंय. २००९ च्या सुमारास त्याने एका फंडातून उबरमध्ये लाखभर डॉलर गुंतवले होते; त्याने घर तारलं, असं तो सांगतो. म्हणजे आपण तावातावाने त्याचा निषेध करत कॅबने घरी जातो तेव्हा, असो.

पट्टा सापडला का? मी माझा शोधत होतो, फेकायला. कपाटात नव्हता, टेबलाच्या खणात नव्हता. शेवटी स्वयंपाकघरात सापडला, साबुदाण्याच्या पिशवीचं तोंड वळवून त्यावर चढवलेला. काढायला गेलो तर आईने हातावर चापट मारली.

“हात लावू नकोस त्याला. साधी रबरं महिन्यात तुटतात, हे मेलं वीस वर्षं तसंच आहे. तीन आणले होतेस ना? बाकीचे दोन कुठे टाकलेस?”