पोरांना अडखळू द्या हो!

आज वक्तृत्वाच्या क्लासमध्ये जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

नव्या बॅचचा पहिला दिवस. ११-१२ वर्षांचा एक मुलगा बोलायला उभा राहिला. विषय नेहमीचाच, मोबाइल शाप की वरदान. 'आधुनिक युगातील दुधारी शस्त्र' वगैरे सगळं वडिलांनी लिहून दिलेलं, घोकून घेतलेलं. तिसऱ्या वाक्याला तो अडकला. वडील दारातच उभे होते, तिथून पुढचं वाक्य सांगू लागले. आधी हळू, मग चढ्या आवाजात. "अरे, काल रात्री दहा वेळा म्हटलंस ना!" पोराने मान खाली घातली.

मी सातवीत होते. वक्तृत्व स्पर्धा. बाईंनी लिहून दिलेलं दीड पानी भाषण, हातवाऱ्यांसकट पाठ. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' सुरळीत पार पडलं आणि दुसऱ्या परिच्छेदाचा पहिला शब्दच आठवेना. तो एक शब्द सापडला असता तर पुढचं घडाघडा आलं असतं. घंटा वाजेपर्यंत नुसती उभी होते. त्यानंतर वयाच्या ३६ व्या वर्षापर्यंत मी चार माणसांसमोर तोंड उघडलं नाही. ऑफिसात माझा मुद्दा शेजारचा मांडायचा आणि मी गप्प.

यंदा हिय्या करून हा क्लास लावला. चिठ्ठी उचलायची, २ मिनिटं विचार, २ मिनिटं बोलणं. माझं सगळं ४० सेकंदांत संपलं. सरांनी एवढंच विचारलं, "असं का वाटतं तुम्हाला?" ते सांगता सांगता उरलेला वेळ कधी भरला, कळलंही नाही. सातवीत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

आणि वादविवादात तर पाठांतराला जागाच नाही. वादविवाद स्पर्धांच्या ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीत विषय १५ मिनिटं आधी कळतो, बाजूही आपण निवडायची नसते. ७ मिनिटं बोलायचं; पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडलं तर मधे कधीही समोरचा प्रश्न विचारायला उठतो. कोणाचे वडील काय लिहून देणार तिथे? समोरच्याचं ऐकलं तरच त्याचा मुद्दा खोडता येतो. घोकून आलेलं पोर ऐकतच नाही, ते मनात आपलं पुढचं वाक्य म्हणत असतं.

सुरुवातीचं एखादं वाक्य पक्कं असलं तर पाय कमी लटपटतात, हे मान्य. तेवढंच.

लिहिता लिहिता वाटतंय, त्या वडिलांनाही पोराची फजिती नकोच असणार. माझ्या बाईंनाही नको होती. त्यांनी माझ्यासाठी सुट्टीचे तास घालवले होते, ते मी विसरलेले नाही. पण दारातून ओरडणं? नाही, ते मला पटणार नाही. भर वर्गात, अनोळखी पोरांसमोर!

आज सरांनी शांतपणे दार लावून घेतलं आणि त्या मुलाला म्हणाले, "भाषण राहू दे. तुला काय वाटतं?" बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मला मोबाइल हवाय. पण आजोबांना तो आवडत नाही, कारण मग मी त्यांच्याशी बोलत नाही."

स्वतःचं मत, त्याविरुद्धचा मुद्दा आणि त्याचं कारण. दोन वाक्यांत. माझे डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी त्याच्याकडे 'वरदान'ची बाजू आहे. बाबा, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोहोचलीच तर एक विनंती. या वेळी लिहून देऊ नका. त्याला आजोबांशी वाद घालू द्या.